भरल्या टाकीवर अडलेलें इंजिन

शहरांत राहणाऱ्या माणसाचा अवजड यंत्रांशीं संबंध बहुधा त्यांच्या आवाजापुरताच असतो. गल्लींतील पाण्याचा नळ फुटला, गटाराचें काम निघालें किंवा शेजारची जुनी इमारत पाडून नवी उभारावयाचें ठरलें, म्हणजे एके दिवशीं सकाळीं एक पिवळें यंत्र दाराशीं येऊन उभें राहतें आणि दिवसभर घरघरत असतें. लोक त्याला सरसकट जेसीबी म्हणतात, नाहींतर पोकलेन म्हणतात. हा ‘पोकलेन’ शब्द म्हणजे एका फ्रेंच कारखान्याच्या ‘पोक्लँ’ या नांवानें आपल्या ठेकेदारांच्या तोंडीं घेतलेला अवतार आहे. आणि तो आतां इतका रुळला आहे कीं, खोदयंत्र दुसऱ्या कोणत्याहि कारखान्याचें असलें तरी तें पोकलेनच. हें यंत्र चालूं असेपर्यंत आपण खिडक्या लावून घेतों. परंतु तें मध्येंच बंद पडलें आणि खणलेला चर, उघडा पडलेला नळ व घरांतील कोरडी पिंपें असा सगळा पसारा तसाच राहिला, म्हणजे मात्र खिडक्या उघडतात आणि प्रत्येक गॅलरींतून निदान होऊं लागतें. एक म्हणतो, चालकानें डिझेल विकून खाल्लें असेल. दुसरा म्हणतो, पेट्रोलपंपावरच भेसळ झाली. तिसरा ‘यंत्र म्हातारें झालें’ म्हणून निकाल देतो.

या बंद पडण्याच्या एका विशिष्ट प्रकाराविषयीं आज मला बोलावयाचें आहे. टाकींत डिझेल भरपूर आहे, इंजिनाचा कोणताहि भाग मोडलेला नाहीं, सकाळीं तें पहिल्या झटक्यास चालूं झालें होतें. पण दहा-पंधरा मिनिटें काम केल्यावर त्याचा दम कमी होतो, तें कुंथूं लागतें आणि बंद पडतें. जरा वेळ थांबून पुन्हा चालवावें, तर जणूं कांहीं घडलेंच नव्हतें अशा थाटांत चालूं होतें. आणि पुन्हा दहा मिनिटांनीं तोच प्रकार. या दुखण्याचें मूळ पुष्कळदां इंजिनांत नसतेंच. टाकीपासून इंजिनापर्यंत इंधन नेणारी जी वाट, तिच्यांत तें असतें. ही वाट नीट समजून घेतली, तर दोष कोठें आहे हें भूमितींतील रायडर सोडवावें तसें पायरीपायरीनें काढतां येतें. न समजतां हात घातला, तर सर्वांत महाग भाग सर्वांत आधीं खोलला जातो. आणि कर्ज काढून एकुलतें एक यंत्र घेतलेल्या लहान ठेकेदाराची महिन्या दोन महिन्यांची मिळकत त्यांत बुडते.

प्रथम डिझेलच्या इंजिनाचा स्वभाव पाहूं. पेट्रोलच्या इंजिनांत ठिणगी लागते. यांत ती लागत नाहीं. सिलिंडरांत नुसती हवा घ्यावयाची आणि ती दाबून तिचें आकारमान सुमारें विसाव्या हिश्शावर आणावयाचें. सायकलच्या चाकांत हवा भरतांना पंपाचें बूड हाताला गरम लागतें, तोच हा धर्म. येथें मात्र हवा पांचशें अंशांहून अधिक तापते. तिच्यांत डिझेलचे तुषार सोडतांच ते आपोआप पेट घेतात. रुडॉल्फ डिझेल या जर्मन इंजिनियरानें १८९२ सालीं या कल्पनेचें पेटंट मागितलें. १८९७ सालीं आउग्सबुर्ग येथें त्याच्या इंजिनाची रीतसर चांचणी झाली, तेव्हां इंधनांतील उष्णतेपैकीं शेंकडा सव्वीसच्या आसपास उष्णतेचें काम झालेलें दिसून आलें. त्या काळच्या वाफेच्या इंजिनांना ही मजल स्वप्नांतहि गांठतां येत नव्हती. परंतु त्या इंजिनांत डिझेल आंत सोडण्यासाठीं दाबलेल्या हवेचा फुंकर मारावा लागे, आणि हवा दाबणारें निराळें यंत्र शेजारीं बसवावें लागे. त्यामुळें तें धूड जागचें हलणें कठीण होतें. स्टुटगार्टच्या बॉश कारखान्यानें १९२७ सालीं इंधन फवारणारा लहानसा पंप मोठ्या प्रमाणावर तयार करावयास घेतला, आणि मग डिझेलचें इंजिन मालमोटारींत जाऊन बसलें. जपानांत यानमार कारखान्यानें १९३३ सालीं तें आणखी लहान केलें. आपल्याकडे पुण्यास १९४६ सालीं किर्लोस्कर ऑइल एंजिन्सची स्थापना झाली. ज्यांचें आजोळ खेड्यांत आहे, त्यांना विहिरीवरच्या त्या इंजिनाचा टक्‌टक्‌ असा ठेका आठवत असेल. म्हणजे या सगळ्या कुळाची खरी किल्ली इंजिनापेक्षां त्या फवारणाऱ्या पंपांत आहे. आणि तोच त्यांतला सर्वांत नाजूक व महाग अवयव आहे.

तो किती नाजूक, याचा थोडा हिशेब करूं. गल्लींत काम करणाऱ्या तीन टनी खोदयंत्राचें इंजिन साधारण वीस किलोवॅटचें, म्हणजे सत्तावीस अश्वशक्तीचें व तीन सिलिंडरांचें असतें. पूर्ण भार असतां तें तासाला सुमारें सहा लिटर डिझेल खातें. मिनिटाला बावीसशें फेरे घेणाऱ्या अशा इंजिनांत प्रत्येक सिलिंडरास दोन फेऱ्यांमागें एकदां इंधन द्यावें लागतें; म्हणजे तिहींचे मिळून मिनिटाला तेहतीसशें फवारे. भागाकार केला तर एका फवाऱ्याच्या वांट्याला सुमारें तीस घन मिलिमीटर डिझेल येतें. डोळ्यांत औषध घालावयाच्या नळींतून पडणारा थेंब यापेक्षां मोठा असतो. असा हा अर्ध्या-पाऊण थेंबाचा फवारा जुन्या धर्तीच्या इंजिनांत वातावरणाच्या दीडशें-दोनशें पट दाबानें, आणि नव्या संगणक-नियंत्रित इंजिनांत दीड हजार पटीहूनहि अधिक दाबानें मारावा लागतो. त्यासाठीं पंपांतील दांडा आणि त्याची नळी यांच्यामधील फट एका मिलिमीटरच्या हजाराव्या भागांत मोजावी लागते. आपला केंस तीतून जाणें दूरच राहिलें, त्याचा विसावा भागहि अडकेल.

आतां या अर्ध्या थेंबांत हवेचा एक बुडबुडा शिरला, तर काय होईल? डिझेल दाबलें असतां फारसें आकसत नाहीं, हवा पुष्कळ आकसते. पंपाचा दांडा पुढें सरकतो, पण त्याची सगळी मेहनत बुडबुडा चेपण्यांतच संपते. नोझल उघडण्याइतका दाब होतच नाहीं, आणि तो फवारा फुकट जातो. कारखान्यांतील मिस्त्री लोक ‘इंजिननें एअर घेतली’ असें म्हणतात, त्याचा अर्थ हा.

हा ध्वनिक्षेपणाचा मामला असल्यामुळें येथें आकृती दाखवितां येत नाहीं; श्रोत्यांनीं ती मनांत काढावी. टाकी, तिच्या बुडाजवळ पोंचलेली एक नळी, पुष्कळदां तोंडाशीं जाळी असलेली, तेथून रबरी नळी, मग पाणी व गाळ वेगळा करणारी लहानशी वाटी, बहुधा कांचेची, मग डिझेल ओढून पुढें ढकलणारा फीड पंप, मग मुख्य फिल्टर, मग तो महाग पंप, आणि तेथून प्रत्येक सिलिंडराला जाणाऱ्या पोलादी नळ्या व त्यांच्या टोंकाशीं नोझल. नको असलेलें डिझेल दुसऱ्या नळीनें टाकींत परत येतें. या वाटेचे दोन भाग ध्यानांत ठेवावे. फीड पंपाच्या अलीकडे डिझेल ओढलें जातें. पलीकडे तें ढकललें जातें. ढकलणाऱ्या बाजूस चीर पडली तर डिझेल गळतें आणि डोळ्यांना दिसतें. ओढणाऱ्या बाजूस चीर पडली तर गळत कांहींच नाहीं. हवा आंत शिरते. शहाळ्याचें पाणी पितांना नळीला बारीक चीर असली, तर पाण्याचा एक थेंबहि बाहेर येत नाहीं, पण तोंडांत मात्र नुसती हवा येत राहते. अगदीं तसेंच. म्हणून ‘कोठेंहि गळती नाहीं, नळ्या ठीक आहेत’ हें चालकाचें प्रामाणिक उत्तर अर्ध्या वाटेपुरतेंच खरें असतें.

इंजिन कसें बंद पडलें, हें विचारल्यावांचून पुढें जाऊं नये. किल्ली फिरविल्यासारखें तें एकदम थांबलें असेल, तर संशय डिझेलपेक्षां विजेवर घ्यावा. पुष्कळ इंजिनांत डिझेलची वाट उघडी ठेवणारें विजेचें एक लहानसें बोंडूक असतें. त्याची तार हिसक्यानें सुटली कीं वाट क्षणांत मिटते, आणि एका सैल तारेपायीं आख्खा पंप खोलला गेल्याचीं उदाहरणें कारखान्यांत रोज ऐकूं येतात. याच्या उलट, इंजिन हळूहळू मंदावलें, मध्यें एकदां सांवरलें, पुन्हा खालीं बसलें आणि मग विझलें, तर इंधन कमी पडत आहे. धुराकडेहि पाहावें. भार आल्यावर काळा धूर ओकत इंजिन दमत असेल, तर त्याला डिझेल मिळत आहे, हवा पुरेशी मिळत नाहीं; हवेचा फिल्टर पाहावा. डिझेल कमी पडणाऱ्या इंजिनाचा धूर उलट विरळ होतो. नुसता स्टार्टर फिरत असतां धुरांड्यांतून पांढुरकी वाफहि निघत नसेल, तर नोझलपर्यंत कांहींच पोंचलेलें नाहीं असें समजावें.

मोकळें चालतांना हेंच इंजिन अगदीं सुरळीत कां चालतें, असा प्रश्न येईल. भार नसतांना त्याची भूक तासाला लिटरभराचीहि नसते. तेवढें डिझेल तुंबलेल्या फिल्टरांतूनहि झिरपतें. बादली मातींत रुतली, तेलाच्या दाबाचा पंप इंजिनावर ओझें टाकूं लागला, म्हणजे भूक सहा-सात पट होते आणि मग वाट अपुरी पडते. म्हणून उभ्या यंत्राचें इंजिन चालवून ‘आतां ठीक आहे’ असा निर्वाळा देणाऱ्या मिस्त्रीस यंत्राकडून पांच मिनिटें माती उकरून दाखवावयास सांगावें.

आतां सर्वांत मौजेचें कारण. तें म्हणजे टाकीचें झांकण. टाकींतून जेवढें डिझेल जाईल तेवढी हवा आंत यावयास हवी; त्यासाठीं झांकणाला किंवा टाकीच्या माथ्याला एक बारीक छिद्र असतें. धूळ आणि तेल यांचा लगदा बसून तें बुजलें कीं टाकींत निर्वात होऊं लागतो. हिशेब करून पाहा. चाळीस लिटरची टाकी काठोकाठ न भरतां छत्तीस लिटर भरली आहे. वर चार लिटर हवा आहे. एक लिटर डिझेल खर्च झालें, तेव्हां त्या चार लिटर हवेला पांच लिटर जागा व्यापावी लागली. बॉईलच्या नियमाप्रमाणें तिचा दाब एक पंचमांशानें उतरला. हा उतार म्हणजे डिझेलच्या जवळजवळ अडीच मीटर उंचीच्या स्तंभाचा भार. फीड पंपाला जणूं एक मजला खालून डिझेल ओढावें लागतें, आणि तेवढा त्याचा वकूब नसतो. पूर्ण भारावर एक लिटर जावयास लागतात दहा मिनिटें. म्हणजे आपलें इंजिन नेमकें दहा मिनिटांनीं धापा टाकूं लागेल. आतां तीच टाकी तीन चतुर्थांश रिकामी आहे असें समजा. वर तीस लिटर हवा आहे. एक लिटर गेल्यानें तिचा दाब शेंकडा तीनच उतरतो, आणि त्याच संकटाला पोंचावयास साडेसात लिटर, म्हणजे सव्वा तास लागतो.

याचा परिणाम चमत्कारिक होतो. टाकी अर्धी-पाव असतां यंत्र चांगलें चालतें, आणि ताजें डिझेल भरलें कीं बंद पडूं लागतें! साहजिकच मालक पेट्रोलपंपावाल्याशीं भांडतो, नाहींतर ‘तूंच कांहींतरी मिसळलेंस’ म्हणून डिझेल आणणाऱ्या पोऱ्याला कामावरून काढतो. भेसळ होत नाहीं असें मला म्हणावयाचें नाहीं. पण आरोप करण्यापूर्वीं इंजिन मंदावत असतांनाच टाकीचें झांकण सैल करावें. सुस्‌ असा आवाज करून हवा आंत गेली आणि इंजिन लगोलग सांवरलें, तर तो पोऱ्या निर्दोष आहे, आणि दुरुस्तीला एक बारीक तार पुरते. प्लॅस्टिकच्या टाकीच्या भिंती आंत ओढल्या गेलेल्याहि अशा वेळीं दिसतात.

झांकण सैल करूनहि फरक पडला नाहीं, म्हणजे टाकीच्या बुडाकडे वळावें. येथें लक्षण उलटें असतें: टाकी भरलेली असतां त्रास कमी, तळ गांठूं लागला कीं अधिक. पत्र्याचे पोपडे, गंजाचा चुरा, झांकण उघडें राहून पडलेलें पान, एखादा प्लॅस्टिकचा तुकडा असें कांहीं तरी बुडाशीं तरंगत असतें. डिझेलच्या ओढीबरोबर तें नळीच्या तोंडाशीं जाऊन चिकटतें, इंजिन बंद पडतें, ओढ थांबते, तें सुटून खालीं पडतें, पांच मिनिटांनीं इंजिन पुन्हा चालूं होतें. चालक म्हणतो, ‘गरम झालें होतें, थंड झाल्यावर चाललें.’ त्याचें निरीक्षण बरोबर असतें, अनुमान चुकलेलें असतें. रबरी नळीचाहि असाच एक लबाड दोष आहे. बाहेरून ती नवी दिसते, पण आंतला पदर सुटून पापुद्र्यासारखा लोंबतो आणि ओढ लागतांच दार लोटावें तसा वाट बंद करतो. फुंकून पाहिलें तर ती मोकळीच वाटते, कारण फुंकल्यानें पापुद्रा उघडतो.

हवा शिरण्याच्या दोषाची खूण सकाळीं सांपडते. रात्रभर उभ्या राहिलेल्या यंत्रांत त्या चिरेंतून हवा जाऊन नळींतील डिझेल टाकींत उतरून गेलेलें असतें. सकाळीं स्टार्टर फार वेळ फिरवावा लागतो, बॅटरी दमते, आणि मग इंजिन अडखळत चालूं होतें. जें इंजिन सकाळीं एका झटक्यांत उठतें आणि नंतर दगा देतें, त्याच्या बाबतींत हवेपेक्षां अडथळ्याचा संशय अधिक घ्यावा. हवेचा संशय असेल, तर फीड पंपाच्या अलीकडे हातभर पारदर्शक नळी तात्पुरती जोडावी. जें तासभर वाद घालून ठरत नाहीं, तें एका मिनिटांत दिसतें. बुडबुड्यांची माळ जातांना दिसली कीं पंपाविषयीं बोलणें बंद करून टाकीकडचे सांधे एकेक करून तपासावे. तांब्याचे जुने, चेपलेले वायसर आणि वाटीखालचें कडक झालेलें रबर हे त्यांतले नेहमींचे गुन्हेगार.

पण माझ्या मतें सर्वांत किफायतशीर परीक्षा निराळीच आहे. स्वच्छ डिझेलचा एक पांच लिटरचा कॅन इंजिनापेक्षां उंच जागीं घट्ट बांधावा, त्यांतून एक स्वच्छ नळी सरळ फीड पंपाच्या तोंडाला जोडावी, मूळ नळीचें तोंड बंद करावें, आणि यंत्र कामाला लावावें. तापलेल्या धुरांड्यापासून कॅन दूर ठेवावा, हें सांगावयास नको. इंजिन आतां अर्धा तास न दमतां चाललें, तर टाकी, झांकण, जाळी, रबरी नळी, वाटी यांपैकींच कोणीतरी अपराधी आहे, आणि फिल्टर, महाग पंप व नोझल यांना हातहि लावावयाचें कारण नाहीं. कॅनवरहि तें बंद पडलें, तर टाकीकडचा सगळा भाग निर्दोष सुटला. अर्ध्या वाटेचा निकाल एका प्रयोगांत लागतो. मग फिल्टर बदलून पाहावा. तो बदलूनहि भागलें नाहीं, तर फिल्टराच्या पलीकडची नळी सोडून फीड पंप हातानें चालवून पाहावा. सळसळ धार आली पाहिजे. थेंब थेंब येत असेल, तर त्याचा पडदा किंवा झडप गेली आहे. इतक्या सगळ्यांना मोकळें केल्यानंतरच महाग पंपाचें नांव काढावें. झिजलेल्या पंपाची एक ओळख आहे: तापलेलें इंजिन बंद केलें कीं तें लवकर चालूं होत नाहीं, आणि पंपावर ओलें फडकें ठेवून तो निववला कीं होतें. तापल्यानें डिझेल पातळ होतें आणि झिजलेल्या फटींतून मागें निसटतें.

एक गोष्ट मात्र ठेकेदारांना पटवून द्यावी लागते. ‘थांबतथांबत कां होईना, चालतें आहे ना, पावसाळ्यानंतर पाहूं’ हा विचार घातकी आहे. पुष्कळ पंपांना वंगण म्हणून दुसरें कांहींच नसतें; त्यांतून जाणारें डिझेल हेंच त्यांचें वंगण. डिझेल अपुरें मिळालें कीं पंप कोरडा घांसतो. झांकणाच्या छिद्राकडे महिनाभर दुर्लक्ष केलें, म्हणजे ज्या महाग पंपावर सुरुवातीस खोटा आळ घेतला होता, तो आळ अखेर खरा ठरतो. रॉकेलच्या भेसळीचा दोषहि हाच. तें जळतें ठीक, पण वंगणाचें काम करीत नाहीं. १ एप्रिल २०२० पासून आपल्याकडे मिळणाऱ्या डिझेलांत गंधकाचें प्रमाण दहा लाख भागांत दहा भाग इतकें खालीं आणलें आहे. तें हवेच्या दृष्टीनें फार चांगलें झालें. पण गंधक काढतांना डिझेलचा अंगचा स्निग्धपणाहि कमी होतो, आणि तो भरून काढण्यासाठीं कारखान्यांतच त्यांत औषध घालावें लागतें. अशा डिझेलांत स्वतःच्या अकलेनें आणखी कांहीं मिसळणें म्हणजे आगीशीं खेळ.

पाणी हा आपल्या हवेंतला मोठा शत्रु. पावसाळ्यांत अर्धी रिकामी टाकी रात्रभर उभी राहिली, तर तिच्यांतील दमट हवेचें दंव आंतल्या पत्र्यावर जमतें आणि डिझेलपेक्षां जड असल्यामुळें बुडाशीं जाऊन बसतें. म्हणून टाकी सकाळीं भरण्यापेक्षां संध्याकाळीं काम संपतांच भरणें शहाणपणाचें. कामावर ठेवलेल्या पिंपांची गोष्ट आणखी विचित्र आहे. पिंप उभें ठेवलें कीं त्याच्या माथ्यावरच्या खळग्यांत पावसाचें पाणी साचतें. दिवसा पिंप तापतें आणि आंतली हवा बुचाच्या आट्यांतून थोडी बाहेर जाते. रात्रीं तें निवतें आणि श्वास आंत घेतें, पण बुचावर आतां हवा नसून पाणी असतें. बूच घट्ट लावलेलें असूनहि पिंपांत पाणी जातें, तें असें. पिंपें आडवीं ठेवून दोन्ही बुचें एका आडव्या रेषेंत येतील अशीं ठेवावीं. म्हणजे दोन्ही बुचांवर आंतून डिझेल राहतें. पाणी आणि डिझेल यांच्या सीमेवर एक प्रकारची बुरशीहि वाढते. ती डिझेल खाऊन जगते आणि काळसर बुळबुळीत थर तयार करते. लोणच्यावर तेल पुरेसें नसलें म्हणजे काय होतें, हें गृहिणींना सांगावयास नको. येथें फक्त बुरशी तेलाच्या खालीं असते. थंडीनें डिझेल गोठून वाट तुंबण्याचा प्रकार मात्र मुंबई-पुण्यास कधींच नाहीं. तो लडाखसारख्या प्रदेशांतला. त्यासाठीं इंडियन ऑइलनें २०१९ सालीं उणें तेहतीस अंशांपर्यंत न थिजणारें हिंवाळी डिझेल तेथें पुरवावयास घेतलें.

दोष सांपडून तो दूर केला तरी वाटेंत शिरलेली हवा काढावीच लागते. फिल्टराच्या माथ्यावरचा लहान स्क्रू सैल करून फीड पंपाची हाताची पट्टी दाबीत राहावें. आधीं फेस येतो, मग बुडबुडे, मग अखंड धार. धार आली कीं स्क्रू आवळावा. तीच क्रिया पंपापाशीं करावी. जुन्या धर्तीच्या इंजिनांत मग नोझलकडच्या पोलादी नळ्यांचे नट अर्धा आटा सैल करून स्टार्टर फिरवितात. नव्या, संगणकाच्या ताब्यांतील इंजिनांत हें कधींहि करूं नये. त्यांच्या पोलादी नळ्यांतील दाब प्राणघातक असतो आणि त्यांची हवा काढण्याची रीत निराळी असते. जुन्या इंजिनांतहि नळीवर बोट फिरवून गळती शोधण्याची जी संवय दिसते, ती भयंकर आहे. सुईएवढी धार कातडींतून आरपार जाते. वर दिसतो एक लाल ठिपका, दुखतहि फारसें नाहीं, आणि कामकरी हात पुसून कामाला लागतो. पण आंत शिरलेलें डिझेल स्नायूंचा नाश करीत जातें, आणि कांहीं तासांत शस्त्रक्रिया झाली नाहीं तर बोट किंवा हात जाण्याची पाळी येते. गळती शोधावयाची तर पुठ्ठ्याचा तुकडा धरावा, आणि अशी धार लागलीच तर जखम दिसत नाहीं म्हणून घरीं न जातां तडक मोठ्या रुग्णालयांत जावें व काय लागलें तें स्पष्ट सांगावें. तसेंच, चरांत माणसें असतांना बादली वर राहून इंजिन बंद पडलें, तर आधीं माणसें वर घ्यावींत, बादली सावकाश जमिनीला टेकवावी, आणि मग पाना शोधावा.

जुना फिल्टर बदलल्यावर तो फेकून देण्याची घाई करूं नये. करवतीनें त्याचा डबा कापून आंतला घडीचा कागद पसरून पाहावा. मागच्या सहा महिन्यांची कहाणी त्यावर लिहिलेली असते. तांबूस चुरा असेल तर टाकी आंतून गंजली आहे आणि ती उतरवून धुतल्याखेरीज नवा फिल्टरहि चार दिवस टिकणार नाहीं. काळा बुळबुळीत थर म्हणजे बुरशी. मग पिंपापासून सगळें धुवावें लागेल. कागद फुगलेला व पांढुरका असेल तर पाणी. आणि त्यावर जर बारीक सुताचे धागे सांपडले, तर डिझेल गाळून घ्यावें या सद्बुद्धीनें कोणीतरी नरसाळ्यांत कोंबलेला जुन्या बनियनाचा तुकडा कोठें आहे, तो आधीं शोधून काढावा.